कोयनेलचे चाळीस रुपये

सोमवारी दुपारी सुगंधाला पुन्हा हुडहुडी भरली, तेव्हा सुंदरबाईच्या तोंडचं पाणी पळालं. हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या सुरू करून नऊ दिवस झाले होते. दिवसाला दोन, न चुकता, गुळाच्या खड्याबरोबर. तरी एकांतरा ताप आपली पाळी काही चुकवत नव्हता. एक दिवस पोर उठून बसायची, वाटीभर कढी प्यायची. दुसऱ्या दिवशी ऊन कललं की दातांवर दात वाजायला लागायचे. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या अंगावर टाकल्या तरी खाट हलत राहायची.

सुगंधाला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी नेरला आली होती. जावई अमळनेरला गिरणीत. सुंदरबाईचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि पांझरा नदीच्या फडावरचा, पाटपाण्याचा दीड बिघा ती एकटीच करत होती. सुगंधाशिवाय तिला दुसरं कोणी नव्हतं.

साल त्रेचाळीसचं. लढाई दूर कुठेतरी चालली होती, पण तिची झळ औषधाच्या बाटलीपर्यंत आली होती. ज्या बेटावरून कोयनेल यायचं ते जपान्यांनी घेतलं म्हणे. पूर्वी पोस्टात स्वस्तात मिळणारी पुडी बंद झाली. सरकारकडे जेवढं होतं तेवढं पलटणीला जायचं. आणि भादव्यात पाऊस उघडल्यापासून नेरला घरटी एक खाट पडली होती. सुंदरबाईने लग्नातले चांदीचे तोडे सोनाराला मोडून दिले आणि धुळ्याच्या पेठेतल्या तोताराम नानाच्या औषधाच्या दुकानातून, मागच्या दाराने, रुपयाला एक अशा चाळीस गोळ्या आणल्या.

संध्याकाळी ताप उतरून सुगंधा घामाने निथळत पडली होती. सुंदरबाईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"तुना कान वाजतस का वं?"

"नही वं माय. कसाले?"

सुंदरबाईला खऱ्या कोयनेलची खूण ठाऊक होती. नवऱ्याला एकदा सरकारी माणसाने कोयनेल दिलं होतं, तेव्हा आठ दिवस त्याच्या कानात रातकिडे ओरडत होते. हाक मारली तरी त्याला ऐकू जायचं नाही. ती उठली, डबीतली एक गोळी घेतली आणि जिभेवर ठेवली. आधी कडू लागलं. मग ते कडूपण विरलं आणि जिभेवर उरलं ते तिला लगेच ओळखू आलं. सुगंधा पोटात असताना तिला चुन्याच्या भिंतीचा पोपडा खायचे डोहाळे लागले होते. तीच चव.

उरलेल्या गोळ्या तिने मोजल्या. बावीस, तोंडातली धरून. तिने तोंडातली चुलीत थुंकली.

मंगळवार म्हणजे तापाचा सुटीचा दिवस. बुधवारी दुपारी तो पुन्हा यायचा होता, आणि मागच्या पाळीला पोरीचे डोळे पांढरे झालेले सुंदरबाईने पाहिले होते. शेजारच्या भिकुबाईला घरी बसवून तिने सकाळची साक्रीकडून येणारी सर्व्हिस मोटार धरली. पेट्रोल नव्हतं म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे. सुंदरबाईनेही ढकललं. धुळ्याला पोचायला दहा वाजले.

तोताराम नाना गादीवर बसून पुड्या बांधत होता. पन्नाशीचा माणूस, चष्मा, गळ्यात तुळशीची माळ. तिने डबी समोर ठेवली.

"नाना, ह्या गोळ्या खोट्या शेतस. मना पैसा परत द्या."

नानाने डबी उघडलीसुद्धा नाही. "पथ्य पाळलं का? ताक, केळं काही दिलं असेल."

"पथ्य बठ्ठं पाळं. ह्यामा चुना शे, नाना."

दुकानात आणखी दोघं उभे होते. नानाने त्यांना आधी वाटेला लावलं, मग पुढे झुकून हळू आवाजात म्हणाला, "पावती आहे का माझ्या दुकानाची?"

"तुम्हीनच दिधी नही."

"मग गोळ्या माझ्या कशावरून?" तो क्षणभर थांबला. "आणि बाई, तुझ्या भल्याचं सांगतो. सरकारी कंट्रोलचा माल चोरून घेणं हासुद्धा गुन्हाच आहे. चौकीवर गेलीस तर आधी तुला बसवून ठेवतील. घरी पोर आजारी आहे ना? जा घरी."

बोलता बोलता त्याने गादीजवळची तशाच पांढऱ्या गोळ्यांची एक रुंद तोंडाची बरणी उचलून खाली फळीमागे ठेवली. ठेवताना बरणी फळीवर आपटली. सुंदरबाईने ते पाहिलं आणि आपली डबी उचलली. 

ती कचेरीकडे गेली. फाटकाबाहेर लिंबाखाली एक म्हातारा अर्जनवीस पेटी पुढ्यात घेऊन बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि टाक कानावर ठेवला.

"दावा लावता येईल. दिवाणीत. सहा महिने तरी लागतील."

"सहा महिना?" सुंदरबाई म्हणाली. "मनी पोरले उद्या ताप येवाव शे, भाऊ."

म्हाताऱ्याने डबीतली गोळी नखाने खरवडली, बोटाला लागलेली पांढरी पूड पाहिली. "पोलिसात जायचं तरी ही खोटी आहे असं कोणा जाणत्याने सांगायला हवं. तू सांगून कोण ऐकणार? असं कर, देवपुरात शाळेत पितांबर मास्तर आहेत, शास्त्र शिकवतात. त्यांना दाखव." तिने कनवटीला हात घातला तेव्हा तो म्हणाला, "राहू दे. मी काही लिहिलं नाही."

पूल ओलांडून ती देवपुरात पोचली तेव्हा शाळेची मधली सुटी झाली होती. पितांबर मास्तर प्रयोगाच्या खोलीत एकटेच भाकरी खात होते. तिशीचे, बारीक अंगाचे. भाकरी तशीच ठेवून त्यांनी हात धुतले. एक गोळी काचेच्या नळीत टाकून वरून तेजाबाचे चार थेंब सोडले. नळीत फसफस झाली, जशी चुनकळीवर पाणी ओतल्यावर होते तशी, आणि फेस काठापर्यंत चढला.

"खडू," मास्तर म्हणाले. "वरून काडेकिराइताचा हात दिलाय, कडू लागावी म्हणून."

मग कपाटातून त्यांनी एक छोटी कुपी काढली. तळाशी चिमूटभर पांढरी पूड होती. त्यातला कण पाण्यात टाकला, थेंबभर तेजाब घातलं आणि नळी खिडकीतल्या उन्हात धरली. पाण्याच्या कडेला निळसर उजेड उभा राहिला. मोराच्या पिसासारखा नाही, त्याहून फिका. सुंदरबाईला तो हात लावून बघावासा वाटला.

"हे खरं कोयनेल. माझ्याकडे एवढंच आहे, शिकवण्यापुरतं. यात एक दिवसही निघणार नाही." त्यांनी कागदावर चार ओळी लिहून सही केली. "ही चिठ्ठी ठेवा. पण मी सरकारी तपासनीस नाही, कोर्टात हिला फारशी किंमत येणार नाही. आणि पुलाजवळच्या डॉक्टरांकडे जा. त्यांच्याकडे खरी गोळी आहे, मीच तपासून दिली."

डॉक्टरांकडे एकच बाटली उरली होती. चोवीस गोळ्या. त्यांनाही त्या रुपयाला एक अशाच पडल्या होत्या, आणि त्यांच्या ओसरीवर अकरा माणसं बसली होती.

"पोटुशीला जपून द्यावी लागते," ते म्हणाले. "पण ताप त्याहून वाईट. दिवसाला तीन, आठ दिवस. मध्ये तोडायची नाही. पाच वाजेपर्यंत बाटली तुझ्यासाठी ठेवतो. त्यापुढे मला ठेवता येणार नाही, बाई. ही माणसं बघतेस ना."

तिच्याजवळ परतीचं मोटारभाडं धरून एक रुपया दोन आणे होते. धुळ्यात ओळखीचं कोणी नव्हतं. अंगावर मोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुलाच्या कठड्याला टेकून ती थोडा वेळ उभी राहिली. खाली पांझरेच्या पाण्यात बायका धुणं धूत होत्या. रडावं असं तिच्या मनात आलं, पण रडायलाही वेळ लागतो. ती पेठेकडे वळली.

वाटेत तिने पैशाची दोन लिंबं घेतली. तोताराम नानाच्या दुकानासमोरच्या चहावाल्याकडून काचेचा पेला मागून घेतला आणि नानाच्या पायरीवर फतकल मारून बसली. बाजाराचा दिवस होता. पहिलं गिऱ्हाईक पायरी चढायला लागलं तसं तिने पेल्यात लिंबू पिळलं, एक गोळी चुरडून आत टाकली आणि पेला वर धरला. तेजाबाइतकं नाही, पण फसफसलं.

"बघ भाऊ. रुपयानी एक गोळी. खडू शे."

नाना आतून ओरडला. ती हलली नाही. त्याने नोकराला पाठवलं, नोकर तिच्या दंडाला धरायला वाकला आणि भोवतीची माणसं पाहून मागे सरला. दुसरी गोळी, तिसरी गोळी. पायरीपुढे वीस-पंचवीस माणसं जमली. कोणी हसत होतं, कोणी लिंबाची करामत म्हणत होतं. सहावी गोळी टाकली तेव्हा मागून एकजण पुढे आला. तगडा माणूस, हातात बैलांचा आसूड, डोक्याचे केस नुकतेच उतरवलेले. आठवडाभराचे खुंट दिसत होते.

"हाईच गोळी?" त्याने दुकानाकडे बोट करून विचारलं. "आठलीच?"

"आठलीच, भाऊ."

"मी कुसुंबाना झुलाल. मनी पोरले जाईसन आठ दिन व्हयनात. सात वरीसनी व्हती." तो फेसाकडे बघत होता. "आठल्याच गोळ्या लई गयथू मी."

 मग कोणीतरी मागून म्हणालं, दुकान फोडा. कोणीतरी दगड उचलला.  झुलालच्या हातात आसुडाची मूठ फिरत होती.

तेवढ्यात तोताराम नानाने सुंदरबाईला मनगटाला धरून आत ओढलं आणि दाराची एक फळी लावून घेतली. आत औषधांचा उग्र वास होता. नानाचा चष्मा नाकावरून घसरला होता. त्याने गल्ला उघडला आणि नोटा मोजल्या. चाळीस रुपये. मोजून त्याने त्या मुठीत धरल्या.

"बाहेर जाऊन सांग. या गोळ्या दुसरीकडून घेतल्या होत्या, डबीत मिसळल्या, चूक झाली, असं सांग. मग हे तुझे."

"खोटं सांगू?"

"मी तरी मुद्दाम केलं का? मुंबईच्या दलालाने माल दिला. माझे हजार रुपये त्यात अडकलेत. मला काय ठाऊक होतं?"

"आते तं ठाऊक व्हयनं, नाना."

 भिंतीवरच्या घड्याळाकडे नानाची नजर गेली, तशी सुंदरबाईचीही. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं. "कितला वाजनात?" तिने विचारलं.

"साडेचार होऊन गेले."

बाहेर फळीवर पहिला दगड बसला. दुकान एकदा फुटलं की गल्ला कोणाच्या हाती लागेल, याचा नेम नव्हता. तिला सुगंधाचे पांढरे झालेले डोळे दिसले. ती म्हणाली, "द्या."

नानाने फळी काढली. सुंदरबाई पायरीवर उभी राहिली. इतकी माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. ती कोणाकडेच न बघता बोलली, आणि आपला आवाज तिला दुसऱ्याच कोणाचा वाटला.

"चूक मनी शे. ह्या गोळ्या दुसरीकडन्या व्हत्यात. डबीमा मिसळी गयथ्यात. नानाना माल चांगला शे."

लोक चिडले. एका म्हाताऱ्याने तिला येडी म्हटलं. दगड उचलणाऱ्याने दगड टाकून दिला. झुलाल मात्र जवळ आला, आणि तिने पाहिलं की त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं होतं.

"म्हंजे मी तिले खरंच औषध दिधं व्हतं," तो म्हणाला. "तिना नशिबमाच नव्हतं." आसूड काखेत धरून तो पायरी चढला. "नाना, घरमा बायको बी पडेल शे. दहा गोळ्या द्या."

सुंदरबाईच्या मुठीत नोटा होत्या. तिने तोंड उघडलं. नाना आतून तिच्याकडे बघत होता. ती वळली आणि पुलाच्या दिशेने धावत सुटली.

बाटली मिळाली. साडेपाचची मोटारही मिळाली. कुसुंब्याला मोटार पाणी घालायला थांबली, तेव्हा वेशीपाशी गावातल्या बायका घागरी घेऊन चालल्या होत्या. उतरायचं, झुलालचं घर विचारायचं, एवढंच करायचं होतं. बाटली तिच्या पोटाशी पदरात बांधलेली होती. ड्रायव्हरने भाता हलवला, मोटार थरथरली आणि निघाली. ती बसून राहिली.

बुधवारी ताप आला, पण उशिरा आला आणि लवकर गेला. गुरुवारी सुगंधा म्हणाली, "माय, मना कानमा काय वाजी ऱ्हायनं?" सुंदरबाईने तिला जवळ ओढून घेतलं आणि हुंदके देऊन रडली. पोरीला वाटलं, आई आनंदाने रडते आहे.

शुक्रवारी तापाची पाळी होती. ऊन कललं, उतरलं, ताप आला नाही. बाटलीत पंधरा गोळ्या उरल्या होत्या. शनिवारच्या तीन बाजूला काढल्यावर बारा राहिल्या. मध्ये तोडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुंदरबाईने त्यातल्या सहा काढून कागदात बांधल्या आणि पायी कुसुंब्याला गेली.

झुलालच्या ओसरीवर त्याची बायको गोधडीखाली पडली होती. जिवंत होती. झुलाल बैलांना पेंढी टाकत होता. सुंदरबाई बसली नाही. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं. चाळीस रुपये, फळी, घड्याळ, सगळं. पुडी तिने उंबऱ्यावर ठेवली.

"ह्या खऱ्या शेतस. त्या टाकी दे, भाऊ."

झुलालने हातातली पेंढी खाली ठेवली. 

"मंग मनी पोरले मी खडूच दिधा."

"व्हय."

"आनि तुले तुना पैसा भेटना."

"भेटना."

गोधडीखालून बायकोने काहीतरी विचारलं.  त्याने पुडी उचलली, उघडली, एक गोळी काढून बायकोच्या तोंडाशी नेली आणि पाण्याचा तांब्या धरला. मग तिकडेच बघत म्हणाला, "सोमवारी कचेरीमा चाल. हाई बठ्ठं तठे सांग."

सोमवारी ती गेली. लिंबाखालच्या अर्जनवीसाने पाच पानं लिहिली. मास्तरांची चिठ्ठी जोडली. उरलेल्या चौदा खोट्या गोळ्या आणि झुलालकडे उरलेल्या एका पिशवीत घालून लाखेने बंद केल्या.

"दुकानापुढे तू जे म्हणालीस ते गाळू का?" त्याने विचारलं. "तुझ्याच अंगावर येईल. आणि चोरीने माल घेतल्याचंही."

"नका गाळू. खोटं बोलनू ते बी लिखा."

त्याने लिहिलं, वाचून दाखवलं, आणि तिने अंगठा उठवला.

पुढे दुकानाला सील लागलं. मुंबईचा दलाल काही सापडला नाही. तोताराम नानाला तीन महिन्यांची शिक्षा झाली, आणि सुंदरबाईला पंधरा रुपये दंड. झुलालची बायको दिवाळीपर्यंत हिंडू-फिरू लागली. सुगंधा वाचली. तिचं बाळ आठव्या महिन्यात आलं आणि रडलं नाही. ते तापाने गेलं, गोळ्यांनी की कमी पडलेल्या गोळ्यांनी, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. सुंदरबाईने त्यांना ते दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं.

दंड भरला त्या दिवशी परतीच्या मोटारीत पाय ठेवायला जागा नव्हती. झुलाल आधीच बसलेला होता. कोर्टातल्या साक्षीच्या दिवसापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तिला दांड्याला धरून उभी असलेली पाहून तो उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. सुंदरबाई त्या जागेवर बसली.  कुसुंब्याला तो उतरला, आणि मोटार पुढे नेरकडे निघाली.